सगळं बोटीनं

बे एरियात मुलांकडे आलेल्या मराठी आई-बाबांना दाखवायच्या ठिकाणांची यादी ठरलेली असते आणि त्यात अल्काट्राझ असतंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३३ वर, बोटीच्या रांगेत माझ्या पुढेच एक काकू मुलाला विचारत होत्या, "तुरुंग बघायला एवढे डॉलर? तेही आधी बुकिंग करून?" मुलगा म्हणाला, "आई, कानाला स्कार्फ बांध. वारा आहे."

वारा खरंच बोचरा होता. बेट किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर, बोटीला पंधरा मिनिटं पुरतात. पण भर उन्हाळ्यातही खाडीचं पाणी गारठवणारं आणि त्याला ओढ जबर. इतर तुरुंगांना न आवरणारे कैदी १९३४ ते १९६३ या काळात अमेरिकी सरकारने इथे ठेवले, ते या पाण्याच्या भरवशावर. अल कपोन इथला कैदी क्रमांक ८५.

धक्क्यावर उतरताच पहिली सूचना खाण्याची: जे खायचं ते इथेच, वर फक्त पाणी न्यायचं. काकूंचा धपाट्यांचा डबा लगेच उघडला. मी तोवर धक्का बघत होतो. पहारेकऱ्यांची कुटुंबंही बेटावरच राहत आणि त्यांची मुलं रोज बोटीने शहरातल्या शाळेत जात. किराणा, इंधन, सगळं इथेच उतरायचं. मुख्य म्हणजे गोडं पाणी. बेटावर एकही झरा नाही. आठवड्याला जवळपास दहा लाख गॅलन पाणी तराफ्यांतून आणावं लागे. वर उंच टाकी दिसते, तिच्यावरची लाल अक्षरं मात्र तुरुंगानंतरची. नोव्हेंबर १९६९ पासून एकोणीस महिने अमेरिकेतल्या मूलनिवासींनी बेट ताब्यात घेऊन ते आपलं असल्याचं जाहीर केलं होतं. ती अक्षरं पुढे मुद्दाम पुन्हा रंगवून जपली आहेत.

चढ संपला की मुख्य इमारत. कानाला हेडफोन लावले की इथल्याच जुन्या पहारेकऱ्यांचे आणि कैद्यांचे आवाज वाट दाखवतात. कोठडी पाच फूट रुंद, नऊ फूट लांब. हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात. खाट, संडास, गार पाण्याचा नळ आणि भिंतीला दुमडणाऱ्या दोन पत्र्याच्या फळ्या, एक टेबल नि एक बसायला. रांगेच्या टोकाला पोलादी पेटी आहे. रेल्वेच्या सिग्नल केबिनसारखे आत खटके. कोणत्या कोठड्या उघडायच्या ते आधी ठरवायचं, मग दांडा ओढायचा. एकच दार सरकवता येतं, नाहीतर अख्खी रांग. रेंजरने दांडा ओढला आणि दारं एकदम आदळली, तेव्हा माहीत असूनही सगळे दचकले.

गर्दी थांबते ती फ्रँक मॉरिस आणि अँग्लिन बंधूंच्या कोठड्यांपाशी. बेसिनखाली हवेची जाळी आणि तिच्याभोवती कोरलेलं भगदाड. खाऱ्या दमटपणाने काँक्रीट भुसभुशीत झालं होतं, म्हणून चमच्यांसारख्या हत्यारांनीही ते खरवडता आलं. अंथरुणात खरे केस चिकटवलेली खोटी डोकी ठेवून ते ११ जून १९६२ च्या रात्री रेनकोट जोडून केलेल्या तराफ्यावरून निघाले. पुढे त्यांचं काय झालं, कळलं नाही.

तुरुंग त्यांच्यामुळे बंद पडला असं ऐकवलं जातं. मला मात्र जमाखर्च जास्त बोलका वाटतो. १९५९ साली इथे एका कैद्यामागे रोजचा खर्च १० डॉलर १० सेंट होता, अटलांटाच्या तुरुंगात ३ डॉलर. डागडुजीला आणखी ३० ते ५० लाख डॉलर लागणार होते. जो समुद्र फुकटचा पहारेकरी म्हणून निवडला, तोच भिंती खात होता आणि प्रत्येक पिंपामागे भाडं घेत होता. २१ मार्च १९६३ ला शेवटचे कैदी हलवले. १९७३ पासून बेट पर्यटकांसाठी खुलं आहे आणि आता बोटीचं भाडं येणारा स्वतः भरतो.

परतल्यावर पिअर ३९ चालत गाठता येतं. १९८९ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच इथल्या लाकडी तराफ्यांवर समुद्रसिंह येऊन पसरू लागले. होड्यावाले वैतागले, पण जाणकारांच्या सल्ल्याने जागा प्राण्यांनाच सोडली गेली. त्यांची भांडणं आणि मासळीचा वास दुरूनच पोहोचतो. पुढे फिशरमन्स व्हार्फला उकडलेले खेकडे आणि आंबट पाव. कैद्यांच्या वेळी पिअर ३९ चा बाजार नव्हता, पण शहराचे दिवे त्यांना तुरुंगाच्या खिडक्यांतून दिसत. म्हणून क्रम आधी बेट, मग खेकडे असा ठेवावा. उलट केलं तर तुरुंग म्हणजे जेवणानंतरची शतपावली होऊन बसतो.