कुत्र्यामांजराचें अन्न : स्वस्त कोणतें व महाग कोणतें?



आमच्या आष्टीकडे कुत्र्यामांजराच्या वाट्यास रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी व थोडें दूध येतें, आणि तेवढ्यानें घरधन्याचें समाधान होतें. आतां तयार खाद्याच्या पिशव्या सर्वत्र मिळूं लागल्यामुळें बेताच्या मिळकतीच्या गृहस्थापुढें प्रश्न पडतो कीं, भाकरी बरी, स्वस्त पिशवी बरी, कीं महाग? याचें उत्तर किंमतीच्या चिठ्ठींत नसून पिशवीच्या पाठीवरील आकड्यांत आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. कुत्रा हजारों वर्षें मनुष्याच्या सहवासांत राहून पिष्टमय अन्न पचवूं लागला. भाकरी त्यास चालते, मात्र केवळ भाकरीवर त्याचें भागत नाहीं. मांजर मूळचें मांसाहारी, तें तसेंच राहिलें. टॉरीन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांसमासळींतून मिळतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते, हें ठाऊक होतेंच; हृदयही दुर्बल होतें, हें अमेरिकेंत १९८७ सालीं दिसून आलें. तेव्हां भाकरीदुधावर मांजर पोसणें ही काटकसर नव्हे. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचतही नाहीं.

आतां पिशवीकडे वळूं. खाद्य ‘संपूर्ण व समतोल’ आहे कीं केवळ ‘पूरक’, आणि तें कोणत्या वयासाठीं आहे, हें आधीं वाचावें. पूरक खाद्य हा खाऊ होय, जेवण नव्हे. नंतर प्रथिनें पाहावींत. अमेरिकेंतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या मंडळानें, ओलावा वगळून, मोठ्या कुत्र्यासाठीं शेंकडा १८ व मोठ्या मांजरासाठीं शेंकडा २६ हें किमान प्रमाण ठरविलें आहे. पिलांस याहून अधिक लागतें.

‘ओलावा वगळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. समजा, डब्यांतील ओल्या खाद्यांत ओलावा शेंकडा ८० व प्रथिनें ८ आहेत; कोरड्या खाद्यांत ओलावा १० व प्रथिनें २२ आहेत. पहिल्यांत २० भाग अन्नांत ८, म्हणजे शेंकडा ४० प्रथिनें झालीं. दुसऱ्यांत ९० भागांत २२, म्हणजे सुमारें २४. हें कोरडें खाद्य कुत्र्यास पुरेल, मांजरास उणें पडेल. परंतु ओल्या डब्याच्या किलोंत ८०० ग्रॅम पाणी आपण विकत घेतों, हेंही विसरूं नये.

शेवटीं रोजचा खर्च काढावा. २०० रुपये किलोचें खाद्य दिवसास ३०० ग्रॅम लागलें, तर ६० रुपये पडतात. २५० रुपये किलोचें २२० ग्रॅमच लागलें, तर ५५. महाग दिसणारी पिशवी येथें स्वस्त ठरते. सुट्टें खाद्य घेऊं नये. त्याची मुदत कळत नाहीं.

कुत्र्यास घरचेंच अन्न घालणाऱ्यांनीं भाकरीबरोबर उकडलेलें अंडें किंवा मांस द्यावें आणि चुन्याचा अंश पुरेसा पडतो कीं नाहीं, हें पशुवैद्यास विचारावें. आमटी मात्र कालवूं नये. कांदा व लसूण यांनीं कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. मनुका, द्राक्षें व चॉकलेट हींही वर्ज्य होत.

ज्या घरांत मांसमासळी शिजत नाहीं आणि तयार खाद्याचा खर्चही झेपत नाहीं, त्यांनीं मांजर आणण्यापूर्वींच हा हिशेब मांडावा.