अडलेला पाइप आणि लेकरांचं डोकं

गुरुकुंज मोझरी : विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत सोळा पाइपांची लाइन टाकलेली आहे. मोटार सुरू आहे, पण टोकाला पाण्याचा थेंब नाही. कुठल्या तरी एका पाइपात कचरा अडकला आहे आणि वरून पाहून तो दिसत नाही. आता सांधा कोणता उघडायचा?

एक जण पहिल्या सांध्यापासून सुरू करतो. नशीब खोटं निघालं तर पंधराही सांधे उघडावे लागतात आणि तोवर लाइट जाते. दुसरा सरळ मधला सांधा उघडतो. तिथं पाणी आलं तर अडथळा पुढच्या आठ पाइपांत आहे, नाही आलं तर मागच्या आठांत. मग त्या आठांचा मध्य, मग चारांचा, मग दोनांचा. चार सांधे उघडले की अडलेला पाइप हाती लागतो.

हा दुसरा माणूस शाळेत किती शिकला, हा प्रश्न नाही. त्यानं काम हाती घेण्याआधी घडीभर विचार केला, एवढंच. हजार नावांची क्रमानं लावलेली यादी असेल तर कॉम्प्युटरही तिच्यातलं एक नाव असंच, अर्धी-अर्धी यादी बाजूला सारत, दहा वेळा पाहून शोधून काढतो. अशा विचाराची लहान मुलांसाठी जगभर एक ऑनलाइन स्पर्धा होते. ती मराठीतही होते. आपल्या गावातल्या किती शाळांना हे ठाऊक आहे, ते ज्यानं त्यानं आपल्या शाळेत जाऊन विचारावं.

बांध घालणाऱ्या प्राण्याचं नाव

या स्पर्धेचं नाव ‘बेब्रास’. युरोपात लिथुआनिया नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या प्राध्यापक वॅलेंटिना डागिएने यांनी २००४ साली ती सुरू केली. त्यांच्या भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर. हा प्राणी दातांनी झाडं कुरतडून पाडतो आणि लाकूड, चिखल, दगड रचून ओढ्यावर बांध घालतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पाणी अडवणारा प्राणी. आज साठाहून अधिक देशांतली लाखो मुलं दरवर्षी या स्पर्धेला बसतात.

आपल्या देशात हे काम ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम पाहतो. संगणकशास्त्राच्या जाणकारांच्या एसीएम इंडिया या संस्थेनं तो २०१६ मध्ये सुरू केला. तिसरीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना वयाप्रमाणे वेगवेगळे प्रश्न असतात. काही सोपे, काही मध्यम, काही अवघड. एकेक प्रश्न साधारण तीन मिनिटांत सुटावा असा असतो. त्यासाठी कॉम्प्युटरची भाषा यावी लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही, पाढेही फार लागत नाहीत. प्रश्न नीट वाचता येणं आणि घाई न करणं, एवढी तयारी पुरते. प्रश्न दरवर्षी नवे असतात, त्यामुळे गाइड घोकून काही उपयोग होत नाही.

प्रश्न असतो तरी कसा?

वाचकांना अंदाज यावा म्हणून त्याच जातीचा एक प्रश्न आम्ही आपल्या वावरातला तयार केला आहे. घरच्या लेकरांना विचारून पाहा.

रात्री चार तास लाइट आहे. मोटार एकच. चार वाफ्यांना प्रत्येकी एक तास पाणी द्यायचं आहे : गहू, हरभरा, वांगी आणि संत्रा. अटी तीन आहेत. गव्हाला हरभऱ्याच्या आधी पाणी मिळालं पाहिजे. संत्र्याला वांग्यांच्या नंतर. आणि वांग्यांकडचा पाइप दुरुस्तीला काढलेला आहे, म्हणून वांग्यांना तिसऱ्या तासाच्या आधी पाणी देता येत नाही. तर पाणी कोणत्या क्रमानं द्यायचं?

बरीच मुलं पहिली अट धरून बसतात आणि गोंधळतात. ज्याला खुबी कळली तो सगळ्यात आवळ अट आधी पकडतो. उत्तर लेखाच्या शेवटी दिलं आहे. आधी स्वतः करून पाहावं.

दुसरा प्रश्न बाजारातला. तराजूच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजनं ठेवायची. फक्त चार वजनं वापरून १ ते १५ किलोपर्यंतचा कोणताही पूर्ण किलोचा माल मोजायचा आहे. ती चार वजनं कोणती? उत्तर आहे १, २, ४ आणि ८. तेरा किलो हवे तर ८, ४ आणि १ ठेवा. अकरा हवे तर ८, २ आणि १. प्रत्येक वजन एक तर पारड्यात आहे किंवा नाही, तिसरी गोष्ट नाही. कॉम्प्युटरच्या पोटात सगळे आकडे याच ‘आहे-नाही’च्या हिशेबानं साठवलेले असतात. हे ज्या पोराला तराजूवर समजलं, त्याला पुढे कॉलेजात ते नवं वाटणार नाही.

“आमच्या पोट्ट्याले हे कायले पायजे?”

हे वाचून कोणी म्हणेल, “आमच्या पोट्ट्याले हे कायले पायजे? तो काय कलेक्टर होऊन राहिला का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही रोकड्या हिशेबात दिलं पाहिजे.

आठवीत ‘एनएमएमएस’ नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं तिला बसू शकतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. या परीक्षेचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्नांचे. त्यातला एक अख्खा पेपर बुद्धिमत्तेचा आहे.

नवोदयचंही तसंच. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमतेचे. म्हणजे अर्धी परीक्षा नुसत्या विचाराची आहे. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणी असतेच.

शहरातला बाप या परीक्षांसाठी शिकवणी लावतो. तिथं प्रश्नांचे साचे पाठ करून घेतात. खेड्यातला बाप ती फी कुठून भरणार? पण ज्या लेकराला नवा प्रश्न पाहून पळ काढण्याची सवय नाही, ते साच्याबाहेरच्या प्रश्नालाही भिडतं. ही सवय लावायला पैसा लागत नाही. बेब्रासलाही फी नाही.

इथं एक सावधगिरी सांगणं गरजेचं आहे. ‘ऑलिंपियाड’ असं नाव लावून फी घेणाऱ्या परीक्षाही पुष्कळ असतात. त्या सगळ्याच खोट्या नसतात. पण पैसे भरण्याआधी परीक्षा कोण घेतं, निकालाचा उपयोग काय, आणि बसलेल्या प्रत्येकालाच पदक मिळतं का, हे विचारून घ्यावं. नुसत्या पदकानं डोकं चालत नाही.

खरी अडचण कुठं आहे?

या स्पर्धेची नोंदणी शाळेमार्फत होते. एका शिक्षकानं पुढाकार घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर गावातलं हुशारातलं हुशार पोरही बाहेर राहतं, आणि आपण बाहेर राहिलो हे त्याला कळतसुद्धा नाही.

दुसरी अडचण दिवसांची. जगभर ही स्पर्धा मुख्यतः नोव्हेंबरच्या सुमारास भरते. आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी सुरू असते. माय वेचणीला जाते, थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. हजेरीपटावर तिचं नाव असतं, वर्गात ती नसते. अशी पोरगी घरात सहा जणांचा सैपाक, पाणी आणि धाकट्याची झोप यांचा मेळ रोज घालते. म्हणजे चार वाफ्यांच्या पाण्याचा प्रश्न ती चुलीपुढे रोजच सोडवते. पण तिला तो कागदावर कोणी विचारलेला नसतो. त्या एका दिवसापुरती तरी तिला शाळेत पाठवा, एवढं मागणं या लेखातून आयाबापांकडे आहे.

तिसरी अडचण साधनांची. घरात फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात वावरात जातो. पण तयारीला फोनची गरजच नाही. प्रश्न फळ्यावर लिहिता येतो, अंगणात खडूनं काढता येतो, चिंचोके मांडून सोडवता येतो. कॉम्प्युटर लागतो तो स्पर्धेपुरता. शाळेतला बंद असेल तर ग्रामपंचायतीतला थोडा वेळ देता येईल का, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आधीच बसून ठरवावं. ऐन वेळी नेट गेलं म्हणून लेकरू रडत घरी येऊ नये.

गावानं काय करावं?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, असा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा नियम आहे. ही समिती बहुतेक वेळा सह्या करण्यापुरती उरते. तिच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या शाळेची नोंदणी कोण करणार? यंदाच्या तारखा कोणत्या? शाळेतला कॉम्प्युटर सुरू आहे का? उत्तर नाही असेल तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यावं, म्हणजे पुढच्या बैठकीत पुन्हा विचारता येतं.

गुरुजींनी आठवड्यातून एक दिवस परिपाठानंतर एकच प्रश्न द्यावा. उत्तर कोणाचं बरोबर आलं यापेक्षा ते कसं काढलं, हे मुलांना एकमेकांना सांगू द्यावं. चुकलेल्याला हसू नये. चुकीचा सांधा उघडल्यावरही पाइप कोणता अडला नाही, एवढं तर कळतंच.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला आश्रम उभा केला. त्यांच्या ग्रामगीतेत जीवन शिक्षणावर वेगळा अध्याय आहे. शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी पडावं, ही गोष्ट या गावाला नव्यानं सांगायला नको. कॉम्प्युटर आला म्हणून ती बदलत नाही. पाइप वावरात असो की पडद्यावर, अडला कुठं हे शोधणारं डोकं तेच लागतं.

आता वाफ्यांच्या प्रश्नाचं उत्तर. सुरुवात वांग्यांपासून करा. वांग्यांना तिसरा किंवा चौथा तास. संत्रा त्यांच्या नंतर यायचा आहे, म्हणून वांगी तिसऱ्या तासाला आणि संत्रा चौथ्या. उरले पहिले दोन तास. त्यात गहू आधी, हरभरा मागून. म्हणजे गहू, हरभरा, वांगी, संत्रा. तुमच्या आधी घरच्या लेकरानं हे सांगितलं असेल, तर उद्या शाळेत जाऊन गुरुजींना नोंदणीचं नक्की विचारा.