बंदीनंतरचं काम

१९७४ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, एल्मायरा या छोट्या गावी, दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. खटल्यात प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, की या पोरांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याच दारात पाठवा. न्यायाधीशांनी ते मानलं. दोघे दारोदार गेले, हे आपणच केलं असं तोंडाने सांगितलं, कोणाचं किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत भरपाई चुकती केली. मोडलेलं सांधण्यावर भर देणाऱ्या आधुनिक न्यायविचाराची सुरुवात बहुतेक वेळा या प्रसंगापासून सांगितली जाते. पुढे न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीन गुन्हेगारांसाठी तसा कायदाच केला. मुलगा, त्याचं कुटुंब आणि इच्छा असेल तर पीडित व्यक्ती एकत्र बसतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात.

स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या ऑनलाइन समूहांनी या अनुभवातून अजून फार थोडं घेतलं आहे. विकिपीडियाचं उदाहरण बोलकं आहे. तिथले प्रचालक बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे ब्लॉक, अर्थात एखाद्या सदस्यावर घातलेली संपादनाची बंदी. ब्लॉक पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतो, शिक्षा म्हणून नव्हे, असं इंग्रजी विकिपीडियाचं धोरण स्पष्ट सांगतं. बेमुदत म्हणजे कायमचं नव्हे, हेही तिथे मान्य आहे. ब्लॉक झालेल्याला सहसा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं, तिथूनच तो फेरविचार मागतो. सहा महिने दुसऱ्या नावानेही न फिरकणं आणि वागणूक सुधारण्याची हमी देणं, एवढं केल्यास परतीचा विचार होऊ शकतो, अशी प्रथाही तिथे रुजली आहे. रचना शहाणपणाची आहे, पण तिच्यात एक माणूस दिसत नाही: ज्याच्यावर शिवीगाळ झाली तो. परतणाऱ्याने किती काळ संयम पाळला हे तपासलं जातं. ज्याचं मन आणि काम मोडलं, त्याला काय हवं, हे विचारण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही.

बंदी या पीडिताला फक्त शांतता देते, तीही तात्पुरती, कारण नवं खातं उघडायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून दार लावणं ही पहिली पायरी मानावी, असं माझं ठाम मत आहे. परतीच्या अर्जाआधी एखाद्या त्रयस्थाने पीडिताला खासगीत विचारावं: जाहीर दुरुस्ती हवी, माफी हवी, की हा माणूस पुन्हा वाटेला येऊ नये एवढंच हवं? या शेवटच्या इच्छेसाठी विकिपीडियावर दोन सदस्यांना एकमेकांशी संपर्क न ठेवण्याचा निर्बंध आधीपासून आहे. उत्तर द्यायला नकार देण्याचा हक्कही पीडिताचाच. समेटाचं ओझं त्याच्या, विशेषतः छळ सोसलेल्या बाईच्या, डोक्यावर येईल हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच समोरासमोर भेट ही अट असता कामा नये. आणि धमक्या देणाऱ्याला, पाठलाग करणाऱ्याला तत्काळ बाहेर काढण्याबद्दल दुमत नाही.

बंदीच्या बाजूने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाचा दाखला दिला जातो. २०१५ मध्ये तिथे द्वेष पसरवणारे गट बंद झाले. त्यांपैकी दोन मोठ्या गटांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं, की बरीच खाती निघून गेली आणि जी टिकली त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. पण इथे बंद झाला तो अड्डा. टिकलेली माणसं बदलली ती समूहात राहून. निघून गेलेली पुढे कुठे काय लिहीत होती, हे त्या आकड्यातून कळत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. स्वयंसेवकांनी किती करायचं? रेडिटवरच्याच २०१९ च्या एका अभ्यासानुसार मजकूर का काढला ते सांगितलं, तर त्या सदस्याचा पुढचा मजकूर काढावा लागण्याची शक्यता कमी होते, आणि ते कारण माणसाने दिलं की बॉटने, याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे समज देण्याचं काम यंत्रावर सोपवता येतं. वाचलेला वेळ दुखावलेल्या माणसाचं ऐकण्यात घालवता येईल.

मराठी विकिपीडियासारख्या लहान समूहात हा हिशेब आणखी कडक होतो. तिथल्या सामाईक चर्चेच्या पानाचं नावच चावडी आहे. नियमित लिहिणारे मोजकेच. त्यांतला एक भांडणापायी हाकलला गेला आणि दुसरा दुखावून गप्प झाला, तर अर्धवट राहिलेले लेख पुरे करायला कोणी उरत नाही.