पायवाट, नदी आणि समुद्र : पेडणे-डिचोलीतील उन्हाळी साहसमोहिमा

गोमंतकातील पदभ्रमणाचा हंगाम हिवाळ्याचा मानला जातो. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमांसाठी देशाच्या अनेक भागांतून तरुण येथे येतात ते याच दिवसांत. परंतु विद्यार्थ्यांस दीर्घ सुटी मिळते ती मे महिन्यात. दर उन्हाळ्यात नद्यांत, ओहोळांत आणि खाणींच्या खंदकांत पोहावयास उतरलेल्या मुलांच्या अपमृत्यूच्या वार्ता येतात, त्याही याच दिवसांत. तरुणांना पाण्यापासून दूर ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे, आणि ते शक्यही नाही. त्यांना पाणी वाचावयास शिकविणे हा खरा उपाय होय. पेडणे व डिचोली हे दोन तालुके त्यासाठी जणू तयार पाठशाळा आहेत.

अशा शिक्षणाची कल्पना नवी नाही. १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी युवकांसाठी सागरी प्रशिक्षणाची शाळा काढली. युद्धात बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी धीर सोडतात, ही चिंता त्यामागे होती.

मोहिमेचा पहिला टप्पा पायी. हरवळ्याच्या लेण्यांपासून निघून डिचोली ओलांडावी आणि उत्तरेस साळ गावी नदीकाठ गाठावा. पलीकडे पेडण्यातील हळर्णचा किल्ला आहे. चाल सकाळी सहा ते दहा एवढीच ठेवावी. वाटेत खाणींचे पाण्याने भरलेले खंदक दिसतात. त्यांचे निळे-हिरवे पाणी मोहक असले तरी काठ उभे व ठिसूळ असतात. आत उतरणे सोपे, बाहेर येणे दुरापास्त. तेथे पोहण्यास मज्जावच असावा. रानात शिरण्यापूर्वी माकडतापाची चौकशी आरोग्य केंद्रात करावी. गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग २०१५ पासून सत्तरीत व पुढे शेजारच्या दोडामार्ग-बांदा भागातही आढळला असून, उन्हाळा हाच त्याचा काळ आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचीडरोधक तेल आणि मेलेल्या माकडाच्या आसपास न फिरकणे, एवढी दक्षता तरी घ्यावीच.

खरा अभ्यास नदीवर सुरू होतो. साळच्या नदीलाच वर महाराष्ट्रात तिळारी आणि खाली शापोरा म्हणतात. पावसाळ्यात ती सह्याद्रीचे पाणी घेऊन धावते. उन्हाळ्यात मात्र वरचा ओघ क्षीण होतो आणि कोलवाळ-धारगळ भागातील पात्र हे समुद्राचाच एक हात बनते. मांडवीत तर भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. म्हणून उन्हाळी नौकाविहाराचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तिथीवर बसवावे लागते.

भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असते आणि भरती मध्यान्हाच्या थोडी आधी येते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, भरती पहाटे येते आणि ओढ सौम्य असते. नवशिक्यांनी कोलवाळहून खाली यावयाचे ते अष्टमीच्या दिवसांत. पहाटेची भरती भरून ओहोटी लागली की होडी आपसूक खाली सरकते, सकाळचा भूमीवरचा वारा पाठीशी असतो, आणि दुपारचा वायव्येचा खारा वारा उठण्यापूर्वी पल्ला संपतो. वर नदीत भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, हे हिशेबात धरावे. छापील भरती-कोष्टके मिळतात, तथापि काठावरच्या मासेमाऱ्यास विचारण्यात कमीपणा मानू नये. त्याचे उत्तर बहुधा कोष्टकाहून नेमके असते.

दोन स्थळे मात्र जपावी. खाजणांच्या बांधांतील मानशीच्या दारांशी पाण्याला जबर ओढ असते, तेथून होडी दूर ठेवावी. आणि मोरजीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचा प्रवाह बाहेर, लाटा आत, अशी तेथे टक्कर होते आणि होडी क्षणात उलटते. जी ओहोटी सकाळभर मैत्रिणीसारखी सोबत करते, तीच येथे वैरीण होते. यासाठी पहिल्या दिवशी चोपडे येथेच किनारा धरावा. मुख ओलांडावे ते दुसऱ्या दिवशी पहाटे, भरती भरून पाणी थबकलेले असताना.

समुद्राचा टप्पा छोटा आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि केरी. मोरजी व मांद्रे येथे सागरी कासवे अंडी घालतात, त्यामुळे वाळूवर मुक्काम वा शेकोटी नको. हरमल आणि केरी यांच्यामध्ये डोंगराचे खडकाळ टोक पाण्यात उतरते आणि तेथे होडी लावण्यास जागा नाही. हरमलास पोहोचताच पथकप्रमुखाने वारा पाहावा. लाटांची टोके पांढरी होऊ लागली असतील, तर होड्या तेथेच ओढून ठेवून टेकडीवरच्या पायवाटेने केरी गाठावी. ही वाट आधी एकदा चालून पाहिलेली असली, तर असा निर्णय घेणे जड जात नाही. मुलांची निराशा होते, पण पथकप्रमुखाने ती सोसावी. पावसाची चाहूल लागल्यावर समुद्रात उतरूच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांनाही मासेमारीस बंदी असल्याने अडचणीत मदतीला धावणारी होडी जवळपास सापडत नाही.

प्रशिक्षकांसाठी १९९० साली स्थापन झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे. प्रेरणा हवी असेल तर डिचोलीतील नार्व्याच्या समोर दिवाडी बेट आहे. तेथे बांधलेल्या ‘म्हादई’ नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तोच पराक्रम केला.

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. मोहिमेची नोंदवही तेथे बसून पुरी करावी, आणि कोणत्या दिवशी, कोठून व का माघार घेतली, हे तीत प्रथम लिहावे.