टाकीखालचं लेडीज हॉस्टेल

आधी माफी मागते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात आणि त्यातूनही उरतील त्या वाचकांनी पोटात घालाव्यात. इंग्लिश विभागात लिहिणं मला सोपं होतं. पण मग आमच्या सफाईच्या मावशींनी हा लेख वाचला नसता, आणि तो मुळात त्यांच्या एका प्रश्नामुळेच लिहिते आहे.

मागच्या वर्षी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं. रात्री कॉरिडॉरच्या ट्यूबलाईटवर माशा यायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींना त्या चावल्या आणि लगेच अर्ज तयार झाला. अर्जाचा मजकूर माझा, खाली ६२ सह्या. चार दिवसांनी रात्री माणसं आली आणि औषध मारून गेली. सकाळी गच्ची काळी झाली होती. मावशींनी सुपलीने भरून तीन बादल्या मेलेल्या माशा खाली नेल्या. जाताना मला म्हणाल्या, "अगं, फुलं संपली की त्या आपणहून जातात. कशाला मारायला लावल्या?"

मला उत्तर देता आलं नाही. ६२ जणींपैकी एकीलाही मधमाशीबद्दल काही माहीत नव्हतं, मजकूर लिहिणारीला तर नाहीच. त्यानंतर मी वाचायला लागले. यंदा त्याच टाकीखाली पुन्हा पोळं आलंय आणि पुन्हा एक कागद फिरतोय. मैत्रिणींनो, सही करण्याआधी पाच मिनिटं काढा. मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न खाली दिले आहेत.

प्रश्न १ : त्यांना पेटीत घालून दुसरीकडे का नेत नाहीत?

कारण ही पेटीतली माशी नाही. आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार दिसतात. आग्या सर्वात मोठी. ती उंच झाडाला, कड्याला किंवा इमारतीला उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते. फुलोरी लहान, तिचं छोटं पोळं झुडपात असतं. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच ती मधपेटीत राहते. चौथी पोयाची माशी, चिमुकली आणि डंख न मारणारी. याशिवाय युरोपातून आणलेली मेलिफेरा पेट्यांमध्ये पाळतात. आग्या मात्र पाळता येत नाही. ती फुलोऱ्यामागे गाव बदलत फिरते आणि बऱ्याचदा जुन्याच जागी परत येते. म्हणजे मावशींचं म्हणणं बरोबर होतं.

प्रश्न २ : आत राहतं कोण?

एक राणी, हजारो कामकरी माशा आणि थोडे नर. कामकरी सगळ्या माद्या, म्हणजे हे शंभर टक्के लेडीज हॉस्टेल! राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून होतात, फरक मेसचा. कामकरी अळीला पहिले तीनेक दिवसच रॉयल जेली मिळते, राणी होणाऱ्या अळीला शेवटपर्यंत. नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्यामुळे त्याला बाप नसतो, पण आजोबा असतात! (हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं.)

सर्वात जास्त अभ्यास मेलिफेराचा झालाय. तिची कामकरी ऐन हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते. आधी साफसफाई, मग अळ्यांना भरवणं, मेणाचं बांधकाम, दारावर पहारा आणि शेवटी बाहेरची कामं. एका माशीचा जन्मभराचा मध म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग.

प्रश्न ३ : घरं षटकोनीच का?

हा खास आपला प्रश्न. गोल खोल्या केल्या तर मध्ये जागा वाया जाते. जागा न सोडता बसणारे सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे आकार तीनच : त्रिकोण, चौकोन, षटकोन. क्षेत्रफळ १ धरलं तर परिमिती त्रिकोणाची ४.५६, चौकोनाची ४ आणि षटकोनाची ३.७२ येते. म्हणजे तेवढ्याच जागेला षटकोनात सर्वात कमी मेण लागतं. कुठलाही आकार घेतला तरी याहून काटकसर होत नाही, याची गणिती सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली. माशा त्याआधीपासूनच बांधत होत्या.

प्रश्न ४ : फुलं कुठे आहेत ते एकमेकींना कसं कळतं?

नाचून. फुलं सापडलेली माशी पोळ्यावर परतते आणि पोट हलवत सरळ रेषेत चालते. उभ्या रेषेशी तिचा जो कोन होतो, तोच कोन बाहेर सूर्य आणि फुलं यांच्या दिशांमध्ये असतो. जितका वेळ पोट हलवते, तितकं अंतर जास्त. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं.

प्रश्न ५ : पण चावतात त्याचं काय?

चावतात, आणि आग्या जोरात चावते. हे मी लपवणार नाही. पण फुलावरची माशी सहसा आपल्या वाटेला जात नाही, हल्ला होतो तो पोळं वाचवण्यासाठी. दगड, धूर, फटाके ही नेहमीची कारणं. कामकरीच्या नांगीला उलटे काटे असतात. नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते आणि माशी मरते. त्याच वेळी एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून हात न झटकता तोंड झाकून सरळ खोलीत पळा आणि दार लावा. नांगी ताबडतोब काढा, कारण ती तुटल्यावरही विष सोडत राहते. जागा धुवून बर्फ लावा. ओठ सुजले, धाप लागली, चक्कर आली किंवा बऱ्याच माशा चावल्या, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न ६ : मध बाटलीत मिळतो. मग यांची गरज काय?

जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ८७ पिकं परागीभवनासाठी कमी-जास्त प्रमाणात कीटक-प्राण्यांवर अवलंबून निघाली. उत्पादनाच्या वजनाने पाहिलं तर हा वाटा सुमारे ३५ टक्के येतो. भात-गव्हाला माशी लागत नाही. पण काकडी, भोपळा, कलिंगड, सूर्यफूल, शिवाय कांद्याचं बी, या सगळ्यांना लागते. माशा नसल्या तर ताटातल्या अशा कितीतरी गोष्टी कमी होतील. (आमच्या मेसमध्ये फरक कळणार नाही, ती गोष्ट वेगळी.)

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आपल्याच राज्यात माणसं माशांवर पोट भरतात.

मग आपण काय करायचं? गच्चीला कुलूप लावायचं. संध्याकाळी खिडक्यांना पडदे आणि वरच्या मजल्याचे नको असलेले दिवे बंद. खालून दगड मारायचा नाही (समोरच्या हॉस्टेलमधल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी). कुणाला ॲलर्जी असेल तर रेक्टर मॅडमकडे नाव द्यायचं. पोळं हलवण्याशिवाय पर्यायच नसेल, तर जाणकार माणूस बोलवायचा, औषधवाला नाही.

यंदाचा कागद परवा माझ्याकडे आला. मी सही केली नाही. हेच मुद्दे वेगळ्या कागदावर लिहून मॅडमना दिले. त्यावर आत्तापर्यंत १९ सह्या आहेत, त्यात मागच्या वर्षी चावलेल्या दोघींपैकी एकीची. गच्चीला कुलूप लागलंय, पुढचा निर्णय व्हायचा आहे.

आणि मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वर्ष लागलं. कशाला मारायला लावल्या? माहीत नव्हतं म्हणून. यंदा तसं म्हणता येणार नाही.