थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

गाडी तापू लागली की गॅरेजमध्ये पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो आणि पुष्कळदा तो तपासण्याऐवजी सरळ काढून टाकला जातो. थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, आपल्या उन्हात त्याची गरज काय, असे त्याचे समर्थनही ऐकायला मिळते. हे पटण्यासारखे वाटते, पण चूक आहे. थर्मोस्टॅटला बाहेरच्या हवेशी देणेघेणे नाही. तो पाहतो ते इंजिनातल्या कूलंटचे तापमान. त्याच्या पोटातले मेण ठरलेल्या तापमानाला वितळून फुगते, दांडा ढकलते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. अनेक गाड्यांत हे 82 किंवा 88 अंशांच्या आसपास सुरू होते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46 अंशांवर गेला, तरी इंजिनाच्या हिशेबाने ती हवा चाळीस अंशांनी थंडच असते. म्हणजे तिथेही इंजिन गरम व्हायला आणि त्याच तापमानाला टिकायला थर्मोस्टॅट लागतोच.

‘पण काढल्यावर काटा खाली आला, त्याचे काय?’ हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. थर्मोस्टॅट खरोखरच बंद स्थितीत अडकला असेल, तर तो काढल्याने गाडी घरापर्यंत येते. आडवाटेवर तेवढ्यापुरता हा उपाय योग्यही आहे. मात्र तसेच चालवत राहिले, तर इंजिन सतत अर्धवट गरम राहते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून संगणक जादा इंधन सोडतो आणि ॲव्हरेज घटते. ऑइलमध्ये उतरलेले पाणी आणि इंधन उडून जात नाही, झीज वाढते. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत तो जाळून साफ होण्याची क्रियाही रखडू शकते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला, की बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरते आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. काटा खाली आला म्हणून दोष गेला असे होत नाही. अर्धवट चोंदलेला रेडिएटर त्यामुळे काही महिने झाकला जातो, इतकेच.

म्हणून निदान लक्षणांवरून करावे. फक्त ट्रॅफिकमध्ये गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, तर आधी फॅन, त्याची मोटर आणि रिले पाहावा. कसारा किंवा खंबाटकीच्या चढावरच तापत असेल, तर चोंदलेल्या रेडिएटरचा संशय बळावतो. थर्मोस्टॅट पूर्ण बंद अडकला, तर गाडी उभी असो की धावती, इंजिन काही वेळातच तापते. फॅन फिरूनही फरक पडत नाही, कारण गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. तो उघडा अडकल्यावर याच्या उलट घडते: हायवेवर तापमान घसरते, हीटर कोमट हवा देतो, स्कॅनरवर बहुधा पी0128 हा कोड दिसतो. खालचा होस पाइप वरच्यापेक्षा थंड लागला की थर्मोस्टॅट गेला, हाही पक्का पुरावा नाही. रेडिएटरमधून निवून आलेले कूलंट थंडच असणार. आणि पाइप अगदी गार असला तरी कूलंट कमी असणे, हवा अडकणे किंवा वॉटर पंप बिघडणे ही कारणे उरतातच. डॅशबोर्डच्या काट्यावरही फार विसंबू नये. अनेक गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या फरकातही मधोमध स्थिर राहील असाच ठेवलेला असतो. स्कॅनरवरचा आकडा जास्त भरवशाचा.

शंका उरलीच, तर इंजिन पूर्ण निवल्यावर (गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे) थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबता सोडावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवावे. थर्मोस्टॅटच्या अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास चकती हलली पाहिजे, पुढच्या दहा-पंधरा अंशांत पुरती उघडली पाहिजे आणि पाणी निवताना घट्ट मिटली पाहिजे. हे शेवटचे पाहायला बरेचजण विसरतात, आणि उघडा अडकणारा थर्मोस्टॅट नेमका तिथेच सापडतो. विजेवर नियंत्रित थर्मोस्टॅटला ही परीक्षा पुरी पडत नाही. त्याची तपासणी स्कॅनरनेच करावी. नवा बसवताना त्याच आकड्याचा घ्यावा, हवेसाठीचे बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवावे, गॅस्केट बदलावे आणि कूलंट भरून आतली हवा काढावी. हवा राहून गेली तर नव्या थर्मोस्टॅटनेही गाडी तापते, आणि मग दोष पुन्हा त्याच्याच माथी मारला जातो.