अकरा महिन्यांची सवय

मुंबईत भाड्याचं घर बघायला निघालं की दादर असो, मालाड असो की मुलुंड, दलालाच्या तोंडून भाडं आणि डिपॉझिट यांच्या पाठोपाठ ‘अकरा महिने’ हे शब्द येतात. भाडं हजार-दोन हजारांनी खाली येतं, डिपॉझिटवर घासाघीस होते; मुदतीवर मात्र कुणी बोलत नाही. तयार मसुद्यात ती आधीच छापलेली असते. माझं म्हणणं असं की या मुदतीला महाराष्ट्रात कायद्याचा आधार उरलेला नाही, आणि तरीही तिची किंमत भाडेकरू दरवर्षी मोजतो आहे.

अकरा महिन्यांचा उगम 1908च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं त्या कायद्याने सक्तीचं केलं. म्हणून वर्षाच्या आत करार संपवायचा, म्हणजे नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे वाचतात, अशी पळवाट देशभर रुळली. महाराष्ट्रात ही पळवाट कधीच बंद झाली आहे. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे अकरा महिने लिहून इथे कुणाचंच काही वाचत नाही.

मग ही मुदत टिकली कशी? घरमालकाच्या मनातल्या भीतीमुळे. आणि ती भीती खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या काळातल्या टंचाईत ते गरजेचं होतं, पण तो बांध पुढे अर्धशतक तसाच राहिला. गिरगाव-परळच्या चाळींत भाड्यापेक्षा दुरुस्ती महाग झाली आणि पगडीचा व्यवहार फोफावला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं म्हटलं. दरम्यान, भाडेकरू नको म्हणून मालकांनी ‘लायसन्स’चा मार्ग धरला होता. तिथेही धक्का बसला : 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला. ‘जास्त दिवस राहू दिलं तर माणूस घर बळकावतो’ हा समज मुंबईच्या घराघरांत तिथून घट्ट बसला.

पण आजचा कायदा त्या भीतीला थेट उत्तर देतो. कलम 24 नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि जादा काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कुणी म्हणेल, कागदावर हे सोपं आहे, निकालाला वेळ लागतोच. खरं आहे. पण तो वेळ अकरा महिन्यांच्या कराराला लागतो तितकाच छत्तीस महिन्यांच्या कराराला लागतो. मुदत छोटी ठेवल्याने निकाल एक दिवसही लवकर लागत नाही. भाडं वाढवायचं असेल तर दरवर्षीची वाढ करारातच लिहिता येते.

आता हिशोब पाहू. लायसन्स साठ महिन्यांपर्यंतचं असेल तर मुद्रांक शुल्काचा दर एकच, 0.25 टक्के. ते एकूण भाड्यावर आणि परतीच्या डिपॉझिटवर धरलेल्या वार्षिक 10 टक्के व्याजावर लागतं. महिना 30 हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांना सुमारे 850 रुपये शुल्क आणि शहरात एक हजार नोंदणी फी पडते. असे तीन करार लागोपाठ केले तर साडेपाच हजारांच्या वर जातात. तेच तेहतीस महिने एकाच करारात बसवले तर सुमारे साडेतीन हजारांत भागतं. याशिवाय दर खेपेला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणाऱ्या एजंटाचे पैसे वेगळे, आणि अनेक ठिकाणी नूतनीकरणाचीही दलाली द्यावी लागते.

पैशांहून मोठी किंमत पत्त्याची आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा अंतर मोजलं जातं आणि भाडेकरूकडे नोंदणीकृत करार मागितला जातो. मूल पहिलीत बसलं आणि घर दोन स्टेशनं पुढे गेलं, की शाळा तीच राहते, प्रवास मात्र त्या सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतो. गॅस, बँक, मतदार यादीतलं नाव, सगळ्यांची फिरती पुन्हा सुरू. ज्याचा पत्ता दरवर्षी हलतो, तो वॉर्डातल्या पाण्यासाठी भांडायला उभा राहत नाही.

एक आक्षेप भाडेकरूंच्या बाजूनेही येतो : नोकरी बदलली तर लांब मुदतीत अडकायचं का? मुदत आणि अडकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेकरूला महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडण्याची मुभा ठेवून तीन वर्षांचा करार करता येतो. अट एकच : लॉक-इन मालकालाही बांधणारं हवं. मालक केव्हाही नोटीस देऊ शकणार असेल, तर छत्तीस महिने हे नुसते आकडे आहेत. त्याला घर खरोखरच लागलं, तर पुरेशा मुदतीची नोटीस आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबण्याचं कलम घालता येतं.

म्हणून भाड्याने घर घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढचा मसुदा समोर येईल तेव्हा भाड्याआधी मुदतीचा रकाना वाचा. तिथला अकरा हा आकडा खोडा आणि छत्तीस लिहा. कायदा आजही त्याच्या आड येत नाही.